कूलर बंद करा, अकबर बोलतोय : ‘मुघल-ए-आझम’ पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. मागे एकदा तो मे महिन्यात नागपूरला आला. पारा ४५ वर, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. म्हटलं, बस, तुला ‘मुघल-ए-आझम’ दाखवते. आमच्या हॉलमधला कूलर जुना, लोखंडी, पत्र्याचा. तो सुरू झाला की दारात ट्रक उभा राहिल्यासारखं वाटतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला तरी ट्रक काही हटेना. पडद्यावर शहंशाह अकबर तोंड उघडत होता आणि आम्हाला ऐकू येत होता पंखा. अर्ध्या तासात भाच्याचा फोन खिशातून बाहेर आला. तासाभरात तो म्हणाला, ‘मावशी, हे काऊन एवढं हळू चालते?’ आणि नंतर दहा मिनिटांत चक्क घोरायला लागला.

चूक माझीच होती. त्याच वर्षी डिसेंबरात तोच भाचा, तोच टीव्ही, तोच सिनेमा, आणि पोरगा पाणी प्यायलासुद्धा उठला नाही. त्या दोन बैठकांमध्ये मी काय काय बदललं ते इथे क्रमाने लिहिते. जुना, भव्य, ऐतिहासिक सिनेमा पहिल्यांदाच बघणार असाल तर सुरुवात याच्यापासून करा, आणि अशी करा.

पायरी १ : प्रत कोणती ते आधी बघा

या सिनेमाच्या दोन प्रती फिरतात. ५ ऑगस्ट १९६० ला लागलेली मूळ प्रत कृष्णधवल आहे. तिच्यात शीशमहालातलं गाणं आणि शेवटाकडची काही रिळं तेवढी रंगीत आहेत. लांबी १९७ मिनिटं. दुसरी प्रत १२ नोव्हेंबर २००४ ला आली. ती अथपासून इतिपर्यंत रंगवलेली आहे आणि जवळपास २० मिनिटांनी कमी आहे. त्यामुळे सिनेमा लावण्यापूर्वी लांबीचा आकडा वाचा. सव्वातीन तासांच्या आसपास असेल तर मूळ, तीन तासांच्या आत असेल तर बहुधा दुसरी.

नवखा माणूस रंगीत प्रतीकडे वळतो, ते साहजिक आहे. मी मात्र मूळच लावायला सांगेन. त्यामागे एक गोष्ट आहे. दिग्दर्शक के. आसिफ यांनी काही भाग रंगीत फिल्मवर चित्रित केला आणि तो इतका आवडला की अख्खा सिनेमाच पुन्हा रंगीत करावा असं त्यांच्या मनात आलं. तोवर खर्च इतका झाला होता की पैसा लावणाऱ्यांनी हात जोडले. म्हणून सिनेमा अर्धवट रंगीत राहिला. पण बघणाऱ्याला त्यातून काय मिळालं बघा. दोन तास तुमचे डोळे काळ्या-पांढऱ्यात रुळलेले असतात आणि एकदम शीशमहालाचे आरसे लाल-निळे-सोनेरी होऊन अंगावर येतात. आधीपासूनच सगळं रंगीत असेल तर तो धक्का कुठून बसणार? घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील आणि ती ‘ब्लॅक अँड व्हाइट’ म्हटल्यावर पळ काढत असतील, तर रंगीत लावा. काही न बघण्यापेक्षा ते बरं.

पायरी २ : ऋतू आणि वेळ

पुण्या-मुंबईच्या माणसाला ही पायरी विनोदी वाटेल. नागपूरकराला वाटणार नाही.

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत हा सिनेमा कूलरच्या खोलीत बघू नका. एसी असेल तर गोष्ट वेगळी. उन्हाळ्यातच बघायचा असेल तर खसच्या (वाळ्याच्या) ताट्या भिजवून तासभर आधी खोली गार करून घ्या, नऊ वाजल्यानंतर बसा आणि कूलर बंद करा. वरच्या मजल्यावर टिनाचं छप्पर असेल तर जुलै-ऑगस्टही टाळा. टिनावरचा पाऊस कोणत्याही शहंशाहाला ऐकत नाही.

उत्तम काळ नोव्हेंबर ते जानेवारी. त्यातही डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हाचा एखादा दिवस. बर्डी (सीताबर्डी) आणि सिव्हिल लाइन्सकडे मोर्चे, बंद रस्ते. अशा दिवशी शहाण्या माणसाने घरीच बसावं. दुपारी चारला सुरू करा. मध्ये अर्धा तास धरला तरी आठपर्यंत मोकळे होता. रात्री जेवून दहाला सुरू केलात तर लढाईच्या वेळी तुम्ही झोपलेले असाल, आणि लढाई झोपून काढण्यासारखी नाही.

दोन दिवसांत वाटून बघायचा मोह होईल. एक बैठक मोडायचीच असेल तर मध्यांतराला मोडा. वेब मालिकेसारखे चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे मात्र करू नका. पहिल्या पाऊण तासात जे पेरलंय ते उगवायला शेवटचा पाऊण तास लागतो, आणि मधल्या चार दिवसांत तुम्ही पेरलेलं विसरलेले असता.

पायरी ३ : टीव्ही

चौकट जवळजवळ चौकोनी आहे, म्हणून आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील. ते तसेच राहू द्या. रिमोटवरचं ‘झूम’ दाबलंत तर दरबाराचं छत आणि माणसांची पावलं दोन्ही कापली जातील. आणि इथे छतावर पैसा खर्च झालाय. चित्र गुळगुळीत करणारी जी सोय हल्लीच्या टीव्हीत असते, ती बंद करा. तिच्यामुळे जुना सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

आवाज महत्त्वाचा. मूळ ध्वनी एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो. पाच स्पीकरांची गरज नाही, एक चांगला स्पीकर पडद्याच्या खाली मधोमध ठेवला की झालं. तो वायरने जोडा. ब्लूटूथवर कधीकधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात, आणि या सिनेमात ओठांकडे बघण्यासारखं बरंच आहे.

पायरी ४ : खाणं

कुरकुरीत काहीही नको. चिवडा नको, पापड नको, सोलायची फल्ली (भुईमुगाच्या शेंगा) तर अजिबात नको. डिसेंबरात संत्री असतातच. संत्रं सोलताना आवाज होत नाही. मध्यांतराला गरम सांबारवडी (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) आणि कढी. त्याआधी नाही, कारण पोट भरलं की मान पडते.

पायरी ५ : कान तयार करा

खरा मुद्दा हा. बाकीच्या पायऱ्या या एका पायरीसाठी आहेत.

आपण सिनेमा डोळ्यांनी बघायला शिकलोय. हा सिनेमा आधी कानांनी बघायचा आहे, नाटक बघतो तसा. वसंतराव देशपांडे सभागृहात एखादा कसलेला नट पुढे येतो, थांबतो, प्रेक्षकांवर नजर फिरवतो आणि मग पाच मिनिटं एकटाच बोलतो. तेव्हा आपण ‘गोष्ट पुढे सरकत नाही’ म्हणून कुरकुर करत नाही. आपल्याला ठाऊक असतं की गोष्ट आत्ता त्या बोलण्यातच सरकतेय. संगीत नाटकात तर गोष्ट थांबवून पद म्हटलं जायचं आणि लोक ‘वन्स मोअर’ ओरडून ती आणखी थांबवायचे. ज्या घरात नाटक बघितलं जातं त्या घराला हा सिनेमा अवघड जाऊ नये.

त्याचं मूळही नाटकातच आहे. अनारकलीची कथा आपल्याकडे घरोघरी पोचली ती मुख्यतः इम्तियाज अली ताज यांनी १९२२ मध्ये लिहिलेल्या उर्दू नाटकामुळे. अकबर झालेले पृथ्वीराज कपूर पक्के रंगभूमीचे. १९४४ मध्ये त्यांनी स्वतःची नाटक कंपनी काढली आणि ती घेऊन गावोगाव फिरले. त्यांचा आवाज बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेसाठी कमावलेला आहे. घरातल्या सोफ्यावर बसून तो ऐकला की पहिल्यांदा दचकायला होतं. ‘किती ओरडतो हा!’ असं वाटलं तर मनातल्या मनात खुर्ची वीस रांगा मागे न्या. मग तो आवाज बरोबर मापाचा वाटतो. दिलीपकुमारचा सलीम नेमका उलट, दबक्या आवाजात, शब्द दातांत धरून बोलणारा. बाप नाटकातला आणि मुलगा सिनेमातला. त्या दोघांचं भांडण अभिनयाच्या पद्धतीतही चाललेलं असतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आता भाषा. नागपूरकराला वाटतं आपल्याला हिंदी येतं. बरोबरच आहे. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशची राजधानी होतो, भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांशी हिंदीत बोलतो. पण ‘क्या कर रहा बे’वाली हिंदी दरबारात चालत नाही. संवाद चार जणांनी मिळून लिहिलेत : अमान, कमाल अमरोही, एहसान रिझवी आणि वजाहत मिर्झा. चौघंही उर्दूचे मुरलेले लेखक. पहिल्या दहा मिनिटांत नवखा गांगरतो तो इथे.

गांगरू नका. तहसील कचेरीत चार चकरा मारलेल्या माणसाला निम्मी मुघल दरबाराची भाषा येत असते. तहसील, हुकूम, अर्ज, मुदत, दाखल, खारीज, जप्ती, फिर्याद, हजर, मंजूर, कैद हे सगळे शब्द फारसी-अरबीतूनच मराठीत आले आणि कागदपत्रांत ठाण मांडून बसले. ऐकताना परकं काही वाटलं तर आधी त्यात मराठी शब्द सापडतो का बघा. बऱ्याचदा सापडतो.

जे सापडत नाहीत ते थोडेच आहेत. अकबराला सगळे ‘जिल्ले-इलाही’ म्हणतात, म्हणजे देवाची सावली. सलीम ‘साहिब-ए-आलम’. ‘वली-अहद’ म्हणजे युवराज, गादीचा वारस. ‘कनीज’ म्हणजे दासी, आणि अख्खा सिनेमा या एका शब्दावर उभा आहे, कारण अनारकली कनीज आहे आणि ती ते विसरत नाही. इतरही तिला विसरू देत नाहीत. ‘संगतराश’ म्हणजे मूर्तिकार. ‘उसूल’ म्हणजे तत्त्व. ‘अनारकली’ म्हणजे डाळिंबाची कळी. हे बादशहाने दिलेलं नाव, मुलीचं खरं नाव नादिरा. आणि ‘तखलिया’ म्हणजे सगळ्यांनी बाहेर जा, एकांत हवा. हा शब्द आमच्या घरात कायमचा राहिला. आम्ही भावंडं रात्री गोंधळ घालायला लागलो की बाबा खाटेवरून हात वर करून ‘तखलिया!’ म्हणायचे आणि आम्ही पळायचो. त्यांनी तो ज्या टॉकीजमध्ये ऐकला, तिथे आता दुकानं आहेत.

एक बारीक गोष्ट कान देऊन ऐका. अकबर उर्दूत बोलतो, पण जोधाबाईच्या तोंडी संस्कृत वळणाची हिंदी आहे, आणि ती नवऱ्याला ‘महाबली’ म्हणते. एकाच महालात दोन भाषा नांदतात आणि कोणी त्याचा डांगोरा पिटत नाही. जोधाबाई झाल्यात आपल्या दुर्गा खोटे, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधल्या तारामती. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभं राहण्याचं काम त्यांनी जसं केलंय त्यावर कुणी फारसं बोलत नाही. लोक अनारकली झालेल्या मधुबालेकडे बघत राहतात, त्यांना तरी काय म्हणणार.

उपशीर्षकं ठेवावीत का? पहिला अर्धा तास ठेवा, मग काढा. वाचत बसलात की ऐकणं थांबतं.

पायरी ६ : आधी किती माहिती असावी

फार थोडी. अकबराला मूल होत नाही, नवसाने सलीम होतो, सलीम मोठा होऊन एका दासीच्या प्रेमात पडतो. एवढं पुरे. शेवट वाचू नका. ‘भिंतीत चिणलं’ हे तुम्ही आजीकडून ऐकलेलंच असेल. तरीही शेवटपर्यंत बसा, कारण या सिनेमाचं त्याबद्दल स्वतःचं काही म्हणणं आहे.

नावाकडे मात्र नीट बघा. ‘मुघल-ए-आझम’ म्हणजे थोर मुघल, म्हणजे अकबर. श्रेयनामावलीतही पृथ्वीराज कपूर यांचं नाव पहिलं आहे. लोकांनी ही प्रेमकथा म्हणून डोक्यावर घेतली, पण सिनेमा करणाऱ्याने पाटी बापाच्या नावाची लावली आहे. पहिल्यांदा बघताना सलीमच्या बाजूने बघाल, सगळेच बघतात. तरी मधूनमधून बापाकडे बघा. राज्य चालवणारा माणूस घरात का हरतो, हा प्रश्न तोच विचारत असतो.

मधुबाला आणि दिलीपकुमार यांच्या खऱ्या आयुष्यातल्या भानगडी आधी वाचू नका. चित्रीकरण वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी शेवटी दोघांत बोलणंही उरलं नव्हतं, हे खरं. पण ते डोक्यात ठेवून बसलात तर पडद्यावर अनारकली न दिसता मासिकातला मजकूर दिसेल.

पायरी ७ : पहिला अर्धा तास सोसा

सुरुवातीला हिंदुस्थानचा नकाशा उभा राहतो आणि हिंदुस्थानच आपली गोष्ट सांगायला लागतो. आजच्या पोरांना हसू येतं. माझ्या भाच्यालाही आलं. तेव्हा त्याला एवढंच सांगितलं : या सिनेमाची आखणी फाळणीच्या आधीची. १९४६ मध्ये दुसऱ्याच नटांना घेऊन चित्रीकरण सुरू झालं होतं. तेव्हाचे निर्माते फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, अकबराचं काम करणारे चंद्रमोहन १९४९ मध्ये वारले, आणि सगळं बुडालं. मग शापूरजी पालनजी या बांधकाम व्यावसायिकांच्या पैशावर, नव्या नटांसह पुन्हा पहिल्यापासून. आपलं महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला, त्यानंतर तीन महिन्यांनी सिनेमा मुंबईच्या मराठा मंदिरात लागला. देश तुटताना ज्याने कामाला हात घातला, त्याला हिंदुस्थानच्या तोंडून बोलावंसं वाटलं तर नवल नाही. भाचा हसायचा थांबला, असं मी म्हणत नाही. कमी हसला.

त्यानंतर अकबर अनवाणी वाळवंटातून सलीम चिश्तींच्या दर्ग्याला जातो. मे महिन्यात बर्डीच्या डांबरी रस्त्यावर ज्याची चप्पल तुटली आहे त्याला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

मुलगा झाल्याची बातमी आणणाऱ्या दासीला अकबर एक अंगठी देतो आणि वचन देतो. त्या अंगठीवर डोळा ठेवा. पुढे तीन तास तिचा फारसा उल्लेख नाही, पण ती हरवलेली नसते.

पायरी ८ : कुठे मान पुढे काढायची

सगळंच सारख्या लक्षाने बघणं कोणालाही जमत नाही. विनोदाचे तुकडे आणि काही कारस्थानं थोडी मान मागे टाकून बघितली तरी चालतात. पुढच्या जागी मात्र कुणाचा फोन आला तर उचलू नका.

कव्वाली. अनारकली आणि महालातली तिची प्रतिस्पर्धी बहार यांचा सवाल-जवाब, लता मंगेशकर आणि शमशाद बेगम यांच्या आवाजात, न्यायाधीश सलीम. वरवर गाण्याची स्पर्धा, आत युद्ध. शेवटी कोणाला काय बक्षीस मिळतं ते बघा आणि ते घेताना अनारकली काय म्हणते ते ऐका. निगार सुलताना यांची बहार मला दरवेळी थोडी जास्त आवडते. एवढी हुशार बाई आणि तिच्या वाट्याला एवढंसं काम.

पिसाचा प्रसंग. सलीम एक पांढरं पीस अनारकलीच्या चेहऱ्यावरून फिरवतो. बस, एवढंच घडतं. दूर तानसेन गातोय, आणि तानसेनाचा आवाज आहे बडे गुलाम अली खाँ यांचा. सिनेमासाठी गायला ते तयार नव्हते, म्हणून नकार द्यायला त्यांनी २५,००० रुपये मागितले आणि आसिफ यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं, असं सांगतात. त्या काळी नावाजलेल्या गायकांनाही एका गाण्याचे काही शे रुपये मिळत. मला विचाराल तर पैसे वसूल झाले. हा प्रसंग चालू असताना खोलीत कोणी हललं तरी मला राग येतो.

शीशमहाल. ‘प्यार किया तो डरना क्या’ तुम्ही लग्नांत, ऑर्केस्ट्रात, रिक्षात शंभरदा ऐकलंय. तरी इथे ते पहिल्यांदा ऐकताय असं समजा, कारण गाणं ज्याच्या तोंडावर फेकलंय तो समोर बसलाय. भर दरबारात एक दासी बादशहाला सांगते की मी भीत नाही. सेट उभा राहायला जवळपास दोन वर्षं लागली, काच बेल्जियमहून आली. मग कळलं की दिवे लावले की हजार आरसे हजार दिवे कॅमेऱ्यात परत फेकतात. छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा उजेड थेट न टाकता कापडावरून परतवून घेतला आणि वाट काढली. छताच्या आरशांत एकाच वेळी असंख्य अनारकली नाचायला लागतात तेव्हा अकबराच्या डोळ्यांकडे बघा. नृत्यं लच्छू महाराजांची. काही गिरक्या मधुबालेचा मुखवटा घातलेल्या पुरुष नर्तकाने घेतल्या आहेत असं म्हणतात. पहिल्या वेळी शोधत बसू नका.

कैदखाना. साखळ्या खऱ्या आणि जड होत्या. मधुबालेच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. चेहऱ्यावरचा थकवा सगळाच अभिनयाचा नाही.

लढाई. आठ हजार माणसं, दोन हजार उंट, चारशे घोडे, असा आकडा सांगितला जातो. त्यात लष्कराचे जवानही होते. संगणक नव्हता. जेवढी धूळ दिसते तेवढी उडालेली आहे. माझा भाचा संगणकातच काम करतो. तो इथे पुढे सरकून बसला आणि एकेक रांग मोजायला लागला. ‘मावशी, हे सगळे खरेच उभे हायेत?’ उभे हायेत बाबा.

अजितकडेही लक्ष द्या. पुढे तो ‘मोना डार्लिंग’वाला खलनायक म्हणून चेष्टेचा विषय झाला, पण इथला त्याचा दुर्जनसिंग, दिलेल्या शब्दाला जागणारा राजपूत, बघितला की ती सगळी चेष्टा विसरायला होते.

मध्यांतराची पाटी आली तर तिथे उठा. प्रतीत पाटी नसेल तर दीड-पावणेदोन तासांनी एखादं गाणं संपल्यावर थांबा, संवादाच्या मध्ये नको.

पायरी ९ : ‘हे खरं घडलं का?’

हा प्रश्न येणारच, पण सिनेमा चालू असताना त्याला उत्तर देऊ नका. घरात एक काका असतोच जो तिसऱ्या मिनिटाला इतिहास काढतो. त्याला संत्री सोलायला बसवा.

नंतर चहा घेताना सांगायचं ते असं. सलीमने बापाविरुद्ध बंड केलं हे खरं. अलाहाबादला त्याने स्वतःचा दरबार थाटला आणि १६०२ मध्ये अकबराचा जिवाभावाचा माणूस अबुल फजल याची हत्या करवली. पण पडद्यावर दिसते तशी बाप-लेकाची मैदानी लढाई झाली नाही. बंडाचं कारण प्रेम नव्हतं, गादी होती. अनारकलीचा उल्लेख ‘अकबरनामा’ या दरबारी इतिहासात नाही आणि जहांगीरने (म्हणजे बादशहा झालेल्या सलीमने) स्वतःच्या आठवणी लिहिल्या त्यातही नाही. लाहोरला तिच्या नावाने ओळखली जाणारी कबर आहे आणि तिच्यावर हिजरी सनांत कोरलेली सालं इसवी सनाच्या १५९९ आणि १६१५ शी जुळतात. ती नेमकी कोणाची, यावर अभ्यासक भांडतात. सलीमची आई आमेरची राजकन्या होती, तिचा किताब मरियम-उझ-झमानी. ‘जोधाबाई’ हे नाव तिला नंतर चिकटलं.

हे ऐकून कोणी हिरमुसला तर हरकत नाही. कथा रचलेली आहे, बापाला मुलगा आवरेना हे मात्र रचलेलं नाही.

पायरी १० : पुढचा सिनेमा

लगेच दुसऱ्या दिवशी नको. आठवडाभराने फक्त पिसाचा प्रसंग पुन्हा लावा, उपशीर्षकांशिवाय. त्यात जीव रमला तर पुढच्या सिनेमाला तुम्ही तयार आहात.

‘गांधी’ (१९८२) लावा. त्यात आपली माणसं शोधायला मजा येते : कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी, गोखले डॉ. श्रीराम लागू. आणि वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना भारतीयांतलं पहिलं ऑस्कर मिळालं. अंत्ययात्रेच्या दृश्यात लाखांच्या वर माणसं आहेत. बघून झाल्यावर एखाद्या रविवारी सेवाग्रामला जाऊन या. नागपूरहून पाऊणशे किलोमीटर, सकाळी निघालं तर जेवायला घरी.

मग हिंमत असेल तर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२). साडेतीन तासांच्या वर, आपला विनोदी नट आय. एस. जोहरही त्यात आहे. हा मोठ्यात मोठ्या पडद्यावर बघा, फोनवर तर नकोच. वाळवंटातला माणूस आधी ठिपक्याएवढा असतो आणि फोनवर तो ठिपकाही दिसत नाही. पूर्ण प्रत सुरू केलीत की पडदा काळाच राहील आणि चार मिनिटं नुसतं संगीत वाजेल. तेव्हा टॉकीजमध्ये लोक जागेवर येऊन बसायचे, त्यासाठी ते आहे. टीव्ही बिघडलेला नाही. रिमोट खाली ठेवा.